नीलमणीबाबूंचा आठ

ठाकूरपुकुर, कलकत्ता
१० जानेवारी १९७२

चि. जयंत यास काकाचे अनेक आशीर्वाद.

आधी घरची खबर सांग. माधवदादाचा दमा या थंडीत कसा आहे? दिल्लीची थंडी हाडात शिरते म्हणतात. त्याला म्हणावं, कानटोपी घालायला लाजू नकोस, या वयात तुला कोण बघायला येतंय! वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? चि. सौ. वैशालीची कंबर बाळंतपणापासून धरली होती, ती शेकते आहे ना नेमाने? लीनाला दात किती आले? आणि तुझं पोट? तू स्वतःचं कधी लिहीत नाहीस, वैशालीच्या पत्रातून चोरून कळतं.

इकडे मी ठणठणीत. काकूचं तेच गाऱ्हाणं, आणि त्याच्यासाठीच हे लांबण लावतो आहे. वैशालीलाही वाचून दाखव. ती घरात नवी आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी अडुसष्ट साली इथे घर बांधलं. पाचवी शिकलेला माणूस मी, ट्रेसिंगच्या टेबलावर बसून बसून ड्राफ्ट्समन झालो. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारती काढल्या. हे एक घर स्वतःसाठी काढलं. काकूचा विरोध होता. "इतक्या आडबाजूला? ट्राम तर बेहालाच्या डेपोलाच संपते." मी म्हटलं, "दोन वर्षांत ट्राम दारात आणतो." तेव्हा सगळेच तसं बोलत होते. चौथं वर्ष लागलं. ट्राम अजून अडीच मैल अलीकडेच उभी आहे.

काकू दर रविवारी हाजऱ्याला आपल्या मराठी मंडळात लहान मुलांना मराठी शिकवायची. इथेच जन्मलेली मुलं ती, घरात आईशी मराठी आणि आपसांत सगळं बंगाली. सोळा वर्षं तिने तो वर्ग चालवला. दोन वर्षांपूर्वी बसच्या पादानीवरून पडली, उजवा गुडघा गेला. बस इथे थांबत नाही रे, नुसती मंदावते. माणसं लोंबकळत चढतात. रिक्षावाले आतल्या गल्ल्यांतून फिरतात, मोठ्या रस्त्यावर लॉऱ्यांच्या भीतीने येत नाहीत. ट्राम असती तर ती पुरती थांबते, बायकांची बाकं राखीव असतात, मोमिनपूरला एकदा बदलली की हाजरा. दोन वर्षांत काकूने माझ्याखेरीज कुणाचं मराठी ऐकलेलं नाही. आणि माझं मराठी म्हणजे काय, "चहा झाला का?"

मी योजना कचेरीत अकरा खेपा घातल्या. एक बाबू दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो, दुसरा खिडकीकडे. शेवटी कळलं की ट्राम वाढवायचा विचार आहे, पण सखेरबाजारपर्यंतच. ते आमच्या मैलभर अलीकडे. पुढे म्हणे उतारू नाहीत! मी म्हटलं, मोजले का? तर म्हणे, अंदाज आहे.

म्हणून आम्हीच मोजले. शेजारचे नीलमणीबाबू शाळेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं. ते आणि त्यांच्या दोघी मुली सहा दिवस थांब्यावर स्टूल टाकून बसल्या. बसमध्ये चढले किती, जागा न मिळून राहिले किती, तासातासाचं टिपलं. कलकत्त्याची फाइल आता दिल्लीला तुझ्याच विभागात मताला गेली आहे असं कळलं. म्हणून ते मूळ कागदच तुला पाठवतो आहे. मी नक्कल केली असती, पण म्हातारा आकडे फुगवतो असं कुणी म्हणायला नको. तुला इंग्रजीत उतरवायला जड जाणार नाही, बंगाली आकडे आपल्यासारखेच.

वशिला नको. फक्त वाचा म्हणावं.

तुझा
दत्तूकाका


दिल्ली
४ फेब्रुवारी १९७२

ती. दत्तूकाकांस जयंतचे साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा कानटोपी घालतात, पण फक्त घरात. आईची पट्टी निघाली, आता तिला आमची धूळ दिसते. वैशालीची कंबर बरी आहे. लीनाला चार दात, चारही माझ्या बोटावर उमटले आहेत. माझं पोट ठीक.

काका, कागद मिळाले. खरं सांगू? मला वाटलं होतं, नेहमीसारखा सह्यांचा अर्ज असेल. पण असली मोजणी आमच्याकडे पगारी माणसांकडूनही येत नाही. मी दोन संध्याकाळी बसून सगळं इंग्रजीत उतरवलं. तुमच्या खात्रीसाठी सोमवारचे आकडे देतो, सकाळच्या चार तासांचे:

सात ते आठ : ३८६
आठ ते नऊ : ८८३
नऊ ते दहा : ८२८
दहा ते अकरा : ३८१

साहेबांनी तक्ता दोनदा पाहिला. म्हणाले, "एवढ्या आडगावात इतकी माणसं?" मी म्हटलं, सर, माझे काका तिथेच राहतात. त्यांनी फाइल बाजूला काढून ठेवली आहे. ही चांगली खूण असते.

नीलमणीबाबूंची एक गंमत दिसली. आकडे सगळे बंगालीत, पण आठ मात्र दोन तऱ्हांनी काढतात. कधी आपल्यासारखा, कधी सरळ इंग्रजी. शिक्षक माणूस, सवय असेल!

काकूंना सांगा, मुलांच्या वह्या झटकून ठेवा.

तुमचा
जयंत


ठाकूरपुकुर
२५ फेब्रुवारी १९७२

चि. जयंत यास आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. लीनाच्या दातांचं वाचून मजा वाटली. मला इकडे थोडी सर्दी झाली होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. आमच्या घरामागच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, यंदा जलपर्णी फार माजली आहे. नीलमणीबाबूंना तुझा नमस्कार सांगितला. ते म्हणाले, पुतण्या हुशार आहे.

आकड्यांचं तू लिहिलंस ते वाचलं. तू एवढी मेहनत घेतलीस, त्याबद्दल काय बोलू?

दादाला जप.

दत्तूकाका


दिल्ली
२ मे १९७२

ती. काकांस सा. न.

आनंदाची बातमी. आमच्या विभागाने "ठाकूरपुकुरपर्यंत" अशी शिफारस केली! सखेरबाजार खोडून तुमचं गाव लिहिताना टंकलेखकाच्या मागे मी स्वतः उभा होतो. या महिन्यात रस्त्याची मापं घ्यायला माणसं येतील. तुमचं फेब्रुवारीचं पत्र इतकं त्रोटक होतं, की वैशाली म्हणाली काकांना बरं नसावं. आता तरी खुलून लिहा.

काकू काय म्हणतात ते कळवा.

जयंत


ठाकूरपुकुर
२८ मे १९७२

चि. जयंत यास अनेक आशीर्वाद.

खुलून लिही म्हणालास. लिहितो. बसून वाच.

सोळा तारखेला माणसं आली. लाल-पांढऱ्या काठ्या, साखळ्या, एक छत्री. आमच्या फाटकासमोर चुन्याची रेघ मारली. काकू व्हरांड्यात खुर्ची टाकून दोन दिवस ती रेघ बघत होती. मग आत गेली, ट्रंक उघडली, मुलांच्या जुन्या वह्या काढल्या, ऊन दाखवलं. संध्याकाळी म्हणाली, "जयंताचं ते आकड्यांचं पत्र द्या बघू, नीलमणीबाबूंच्या मुलींना वाचून दाखवते. त्यांची मेहनत कामाला आली." मी म्हटलं, कुठे ठेवलंय आठवत नाही. तिने माझ्या उशीखालून काढलं.

वाचताना आधी हसली. "आठशे त्र्याऐंशी? अहो, आपल्या थांब्यावर आठशे माणसं उभी राहिली तर निम्मी पुकुरात पडतील!" मग हसू थांबलं. बोट फिरवत एकेक आकडा बघितला. म्हणाली, "यात एकही चार नाही. बारा आकड्यांत एकही चार नाही, आणि आठ बघावा तिथे."

जयंता, बंगाली चार हा इंग्रजी आठासारखाच दिसतो. दोन वाटोळी, एकावर एक. नीलमणीबाबू आठ एकाच तऱ्हेने काढतात. तू ज्याला इंग्रजी आठ समजलास तो त्यांचा चार. सोमवारी आठ ते नऊ चारशे त्रेचाळीस माणसं होती.

आता पुढचं ऐक. मला हे फेब्रुवारीतच कळलं होतं. तुझी ती गंमत वाचली आणि पत्र उशीखाली सारलं. तेहेतीस वर्षं या शहरात आहे, मला कळणार नाही? सर्दीबिर्दी काही नव्हती. तीन आठवडे रोज कागद पुढे घ्यायचो आणि परत ठेवायचो. वाटायचं, चूक माझी नाही, पोराची नाही, नीलमणीबाबूंची तर नाहीच. आपोआप झालेली गोष्ट आपण कशाला उस्कटायची? एवढी वर्षं कचेऱ्यांनी मला फिरवलं, एकदा आकडा आपल्या बाजूने फिरला तर फिरू दे. अशी मनाची समजूत घालत बसलो होतो.

 पत्र उशीखाली होतं यातच काकूला सगळं कळलं. फक्त म्हणाली, "उद्या जयंताला लिहा." त्यालाही आज आठ दिवस झाले.

तर लिहितो आहे. आकडे दुरुस्त कर. मूळ कागद तुझ्याकडे आहेत.

तुझा
दत्तूकाका


दिल्ली
९ जून १९७२

ती. काकांस नमस्कार.

तुमचं पत्र कचेरीत उघडलं हे माझं नशीब, घरी उघडलं असतं तर बाबांना काय सांगितलं असतं?

काका, मी रागावून लिहितो आहे, क्षमा करा. तुम्हाला तीन महिने ठाऊक होतं. फेब्रुवारीत एक कार्ड टाकलं असतं तर मी पेन्सिलीने खोडून नवे आकडे लिहिले असते. तेव्हा तो माझ्या टेबलावरचा कच्चा कागद होता. आता त्यावर तीन सह्या आहेत. चौथी साहेबांची. आता दुरुस्ती म्हणजे "मी चुकलो, आणि माझ्यावर विसंबून तुम्ही सगळे चुकलात" असं लेखी देणं. सप्टेंबरात माझी बढतीची मुलाखत आहे.

आणि दुरुस्त करून मिळणार काय? चारशे माणसं ही काय थोडी आहेत? पण नियमाला गर्दीच्या तासाला पाचशे लागतात. सत्तावन्न माणसांसाठी काकूंना जन्मभर घरात बसवणार? चार वर्षांत वस्ती वाढून तिथे खरोखर आठशे होतील, हे तुम्हीच मला गेल्या दिवाळीत सांगत होता.

ही गोष्ट आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. रुळांना आकडे वाचता येत नाहीत. नीट विचार करा आणि मग सांगा.

जयंत


ठाकूरपुकुर
२० जून १९७२

चि. जयंत यास आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे.  मी तुझं पत्र काकूपुढे ठेवलं आणि म्हटलं, तूच सांग, ट्राम तुझ्यासाठी आहे. ती पुढे लिहिते आहे.

चि. जयंता, काकूचे आशीर्वाद. माझं अक्षर किरटं आलं तर समजून घे, व्हरांड्यात बसून लिहिते आहे. तुम्ही दोघांनी माझ्या गुडघ्यावर बरंच काही रचलं आहे. मला मेलीला कुणी विचारलं नाही. अरे, मी त्या मुलांना सोळा वर्षं काय शिकवलं? पाढे पाठ नसतील तर म्हण "येत नाही", पण शेजारच्याच्या पाटीवरून उतरवू नकोस. आता खोट्या आकड्यावर बसून मी त्यांच्यापुढे जाऊ? काकांशी मी तीन दिवस बोलले नाही, तेवढी शिक्षा पुरे. तुझी बढती अडली तर मला फार वाईट वाटेल. तरी दुरुस्त कर. वैशालीला विचार, ती माझ्याच बाजूची निघेल. लीनाला पापा. — काकू

आणखी मी काय लिहू?

दत्तूकाका


दिल्ली
१४ ऑक्टोबर १९७२

ती. काका-काकूंस सा. न.

चार महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

वैशालीला विचारलं. ती काकूंच्याच बाजूची निघाली, आणि तिनेही माझ्याशी तीन दिवस बोलणं बंद केलं. तुमच्या घरच्या बायका एकाच शाळेतल्या आहेत काय?

ऑगस्टात लेखी दिलं. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चष्मा काढून म्हणाले, "चार आणि आठ?" मग माझ्या फाइलमध्ये एक कागद लागला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी बघू.

तुमच्या फाइलचं असं झालं: शिफारस मागे घेतली आहे, पण नाकारलेली नाही. खाजगी मोजणी आता चालणार नाही. कलकत्त्याच्या कचेरीने सरकारी माणसं नेमून स्वतः मोजावं, असा शेरा मी साहेबांकडून भांडून मिळवला. काका, पाचशेला सत्तावन्नच कमी होते, तेही गेल्या हिवाळ्यात. तुमच्या भागात वर्षभरात किती घरं झाली? खऱ्या मोजणीत आपण सरळ पास होऊ. काकूंना सांगा, वह्या परत ट्रंकेत टाकू नका.

जयंत


बेहाला
११ मार्च १९७३

चि. जयंत यास काकाचे अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता बघून चमकला असशील. क्रमाने सांगतो.

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राने मला हुरूप आला. दर पंधरवड्याला कचेरीत जाऊन "मोजणी कधी?" म्हणून विचारायचो. "होबे, होबे." होईल, होईल. नीलमणीबाबूंनी तर स्वतःच्या समाधानासाठी थांब्यावर बसून एक सकाळ मोजली. पाचशे एकवीस! या वेळी इंग्रजीत लिहिले, मोठ्ठे.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी फाटकासमोर जीप थांबली. तिघे उतरले, वह्या घेऊन. मी धावत गेलो.

"मोशाय, आज मोजायला आलात?"

"हो. आजची तारीख आहे."

"आज बंद आहे! बस नाही, लॉरी नाही, दुकान उघडं नाही."

त्यातला मोठा म्हणाला, "म्हणून तर वेळेवर पोचलो. एरवी या रस्त्याला दोन तास लागतात."

मी हात जोडले. उद्या या म्हटलं. परवा या. माझ्या घरी जेवा, राहा. तो भला माणूस होता, जयंता, तेच तर दुःख आहे. म्हणाला, "दादा, जीप आजच मिळाली आहे. मला मोजायला सांगितलंय, कुठल्या दिवशी ते ठरवायला नाही." मग तिघे नीलमणीबाबूंच्याच स्टुलांवर बसले. काकूने चहा पाठवला. सगळा रस्ता पोरांनी फुटबॉलला घेतला होता. आठ ते नऊ या तासात थांब्यावर उतारू आले दोन. त्यातली एक वाट चुकलेली म्हातारी. दुसरे नीलमणीबाबू, मुद्दाम जाऊन उभे राहिलेले.

मी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं: मोजणी नियमानुसार झालेली आहे, त्या भागात मागणी दिसत नाही, सबब विस्ताराचा प्रश्न तूर्त बंद करण्यात येत आहे. तूर्त! आता सखेरबाजारही गेलं. खऱ्या आकड्याने गेलं असतं तर मी हूं का चूं केलं नसतं. पण मी खोटा आठ खोडायला लावला, आणि त्यांनी त्याच्या जागी हा दोन लिहिला, सहीशिक्क्यानिशी. त्या दिवशी मी काकूवर ओरडलो. "घे, तुझा खरेपणा!" असं म्हणालो. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बोललो नव्हतो.

ती वाटीतले मटार सोलत राहिली. सगळे सोलून झाल्यावर म्हणाली, "अहो, ट्राम डेपोपर्यंत येतेच आहे ना? मग आपण डेपोपाशी जाऊ या. तिला पाय नाहीत. मला अजून थोडे आहेत."

मी म्हटलं, "आणि हे घर?"

"घर चांगलं आहे. पण मी चार वर्षं त्यात ट्रामची वाट बघत बसले आहे. तुम्ही विचारलं असतंत तर पहिल्याच वर्षी सांगितलं असतं."

खरं म्हणजे, जयंता, मला ट्राम कुणासाठी हवी होती? तिच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगत आलो, तुलाही. पण मला ती फाटकासमोर यायला हवी होती. म्हणजे माझा नकाशा बरोबर ठरला असता.

घर नीलमणीबाबूंच्या थोरल्या मुलीला भाड्याने दिलं. आम्ही डेपोच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. खिडकी एकच, तीही भिंतीकडे उघडते. पहाटे साडेचारला पहिली ट्राम निघते तेव्हा मांडणीतली भांडी थरथरतात. मला इथे मुळीच आवडत नाही.

गेल्या रविवारी काकू वर्गाला गेली. ट्राम डेपोतूनच सुटते, त्यामुळे रिकामी मिळते. कंडक्टरने तिला हात दिला, ती खिडकीशी बसली आणि मगच त्याने घंटेची दोरी ओढली. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाली, "तुम्ही काय बालवर्गात बसणार?" संध्याकाळी परत आली ती रागाने लाल. घसा बसलेला. "वर्गाची पार वाट लावली आहे! सात मुलं उरली आहेत, आणि सातांतल्या एकालाही ळ म्हणता येत नाही. शाला म्हणतात! फला म्हणतात! त्या जोशांच्या मुलाला मी पंचवीस वेळा 'काळं बाळ' म्हणायला लावलं, तर पंचविसाव्या वेळी म्हणतो 'कालं बाल'. वर विचारतो, मावशी, आता बरोबर?" जेवताना तेच, अंथरूण घालताना तेच. दिवा मालवल्यावरही सांगत होती. मी मधूनमधून हुंकार भरत होतो. तिचं इतकं बोलणं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

तुझी बढती माझ्या उशीखाली अडकली, हे मी विसरलेलो नाही. दादाला सगळं सांगितलंस का? नसशील तर मी लिहितो. चूक माझी होती, ती माझ्याच अक्षरात त्याच्याकडे जाऊ दे.

दादाचा दमा, वहिनींचे डोळे, वैशालीची कंबर, सगळं सविस्तर लिही. आणि लीनाला ळ म्हणता येतो का, ते काकूने मुद्दाम विचारलं आहे. उत्तराला चार महिने लावू नकोस. रविवारच्या आत आलं तर ती ते वर्गात वाचून दाखवणार आहे.

तुझा
दत्तूकाका